क्षितिजाचा अडकलेला स्टड

समोरच्या क्षितिजाचं मोटरसायकलवर जेवढं प्रेम आहे, त्याच्या निम्मं जरी नवऱ्यावर असतं, तर परेशने जरा बाळसं धरलं असतं. भंवरकुआं चौकातल्या कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला ती वीस वर्षं त्याच गाडीवर जाते.

गेल्या आठवड्यात सायलेन्सर उतरवताना इंजिनच्या हेडमधला स्टड, म्हणजे आटे पाडलेला लोखंडी दांडा, तुटला आणि अर्धा आतच राहिला. चूक बाईंचीच. गंजलेल्या नटाला आधी तेल पाजायचं सोडून पान्याला पाइप जोडून जोर केला. विष्णू मिस्त्री म्हणाला, हेडच बदला. तसं हेड इंदूरभर मिळेना. परेशला आयतंच फावलं. रविवारी चार वाजता भंगारवाला येईल. तोवर तुकडा निघाला तर ठीक, नाहीतर गाडी गेली, असं त्याने जाहीर केलं.

"येऊ दे. चहा तूच कर त्याला," क्षितिजा म्हणाली.

रविवारी मी सहज चौकशीला गेले, की आता स्कूटी कोणत्या रंगाची घेणार. तिने माझ्या हातात टॉर्च दिला आणि उभं केलं.

विष्णू ड्रिल लावणार होता. तिने अडवलं, ड्रिल सरकलं तर हेडचं अॅल्युमिनियम खाईल. त्याऐवजी तुकड्याच्या तोंडावर नट ठेवून वेल्डिंग करायला लावलं. पहिला नट उखडला. परेशने नुकत्याच आलेल्या भंगारवाल्याला खुर्ची दिली. दुसरा चिकटला. तो तापलेला असतानाच तिने मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत उतरलं. मग पान्याने पाव फेरा उलटा, किंचित सुलटा, पुन्हा उलटा.

"मॅडमजी, जोर मत करना," विष्णू म्हणाला.

"जोर कुठे करतेय, भिया? मनवतेय. एवढं तर मी यांनाही मनवलं नाही कधी."

परेशने घड्याळ पाहिलं. कट्ट असा आवाज झाला आणि तुकडा फिरू लागला. हळूहळू पूर्ण बाहेर आला.

क्षितिजाने तो गरम तुकडा पकडीने उचलला आणि भंगारवाल्याच्या तराजूत टाकला. "घ्या भिया. या घरातलं भंगार एवढंच."

परेशने खिशातली गाडीची कागदपत्रं गुपचूप कपाटात ठेवली. ते मी पाहिलं नाही, असं त्याला अजून वाटतं.