ह्यात गाडी कुठं हाय?

काल वर्गात शिकवताना एका मुलीनं मला ‘आलंकारिकपणे’ म्हणजे काय असं विचारलं आणि माझ्या नाकात सोनेरी स्केचपेनचा वास भरला. तेव्हा मी अकरावीत होते. पालमहून आमच्या गावी येणाऱ्या एसटीचे ड्रायव्हरमामा रिटायर होणार होते आणि सरपंचांनी मला बजावलं होतं, “मानपत्र आलंकारिकपणे लिही, पोरी.” दोन दिवस खपून मी मामांना कर्तव्यसूर्य केलं, सौजन्याचा सागर केलं, कडेनं सोनेरी वेलबुट्टी काढली. पारावर सगळं गाव जमलं. मी खणखणीत आवाजात वाचत सुटले, विशेषणागणिक टाळ्या पडत होत्या. गुलाबी फेट्यातले मामा मात्र दुसऱ्याच कुणाचा सत्कार असल्यासारखे ऐकत होते. शेवटी कागद हातात घेऊन हळूच म्हणाले, “लय भारी लिवलं, पोरी. पण ह्यात गाडी कुठं हाय?” माइक चालूच होता. माझे कान तापले. मग काय अंगात आलं कोण जाणे, मी माइक ओढला आणि सांगूनच टाकलं, की दहावीच्या पेपरला आमची गाडी चुकली, आम्ही चार पोरी मागं पळताना दिसलो, तेव्हा मामांनी भरलेली गाडी फाट्यापर्यंत रिव्हर्स आणली होती. पार दणाणला. मामा फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत हसत होते. काल अर्थ कळताच त्या मुलीनं वाक्य केलं, “माझे बाबा कष्टांचा हिमालय आहेत.” मी विचारलं, “छान. पण ह्यात त्यांची गाडी कुठंय?” ती गोंधळली, मग चेहरा उजळला. “गाडी न्हाई, मॅडम. होडी हाय. येलदरीच्या धरणात.”