मुलीकडची पार्टी

विद्याधर बापट हे पार्ल्यातील एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक आहेत आणि आमच्या इमारतीत, आमच्या समोरच्याच दारात राहतात. दुसऱ्यांच्या मुलींची लग्ने पार पाडण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. त्यामुळे त्यांच्या मुलीचे, ऋताचे, लग्न ठरले तेव्हा या एका घरात तरी सगळे शिस्तीत होईल, असा माझा समज होता. तो किती चुकीचा होता, हे पुढे कित्येक महिने मला त्यांच्या उघड्या दारातून ऐकावे लागले.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कार्यालयाचा व्यवस्थापक कोणाच्याही लग्नाला जाऊ शकत नाही. पंचांगातले मुहूर्त सर्वांना सारखेच; ज्या दिवशी नात्यात लग्न, त्याच दिवशी कार्यालयातही लग्न. बापट सख्ख्या पुतणीच्या लग्नाला नव्हते, मेहुण्याच्या नव्हते. रत्नप्रभाबाई दर वेळी एकट्या गेल्या, आहेर दिला आणि ‘हे येतीलच एवढ्यात’ असे खोटे सांगून परत आल्या. पंगतीत मांडी घालून जेवणे या गृहस्थांना ठाऊक नाही. भटारखान्याच्या दाराशी, दुपार टळल्यावर, उभ्याने खाल्लेला गार मसालेभात, हेच त्यांचे लग्नाचे जेवण.

असा मनुष्य घरी आल्यावर त्याला लग्न हा शब्दही सोसत नाही. पंगती किती, असे ऋताने विचारले की ‘ठरवा तुमचं तुम्ही’ एवढेच उत्तर. परंतु तेवढ्यात एखाद्या परक्याचा फोन आला, तर श्रीखंड बरे की जिलबी यावर तेच बापट, पानावर बसून, हात वाळेपर्यंत बोलत. ऋता अंधेरीला एका विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या दाव्यांचे काम पाहते. सगळी जुळवाजुळव तिने जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातल्या टेबलावरून केली. एका कानाला दावेदार आणि दुसऱ्या कानाला सजावटवाला, अशा अवस्थेत तिने एकदा मोटार ठोकून घेतलेल्या ग्राहकाला ‘फुलं ताजीच हवीत’ असे बजावले. त्याबद्दल तिला वरिष्ठांसमोर उभे राहावे लागले.

शेवटी रत्नप्रभाबाईंचा संयम संपला. ठेवणीतली साडी नेसून त्या भर दुपारी पतीच्या कार्यालयात गेल्या आणि त्यांच्यासमोरच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसल्या. ही हकीकत त्यांनी स्वतःच आमच्याकडे येऊन सांगितली.

“अहो, मी मुलीकडची पार्टी,” त्या म्हणाल्या. “लग्नाचं विचारायला आलेय.”

आणि काय आश्चर्य, बापट सावरून बसले. पाणी मागवले. रुखवताला कोणती भिंत, वरमाईंना कोणती खोली, सगळे घडाघडा सांगितले. मग तारीख विचारली. निहारची, म्हणजे जावयाची, रजा आणि गुरुजींचा मुहूर्त मे महिन्यात ज्या एकाच दिवशी जुळत होते, ती तारीख बाईंनी सांगितली.

“त्या दिवशी आपल्याकडे नाही जमणार,” बापट म्हणाले. “पार्टी आहे. मीच दिली तारीख.”

ती तारीख घरात महिनाभर बोलली जात होती. त्यांनी ती ऐकलीच नव्हती. बाईंनी म्हटले, त्या लोकांना वरचा लहान हॉल द्या, माझ्या मुलीचं लग्न काही रोज होत नाही. यावर ते थकून हसले. म्हणाले, प्रत्येक मुलीचा बाप इथे येऊन हेच वाक्य म्हणतो. मला मात्र रोजच असतं.

दिलेली तारीख त्यांनी फिरवली नाही. ते योग्यच होते आणि म्हणूनच अधिक संतापजनक होते. अखेर मुलुंडला एक कार्यालय मिळाले. वधू पार्ल्याची, वर बोरिवलीचा आणि अक्षता मुलुंडला, यात कसली व्यवस्था आहे ते मला आजतागायत कळलेले नाही.

खरा पेच पुढेच होता. त्या दिवशी पार्ल्याचे कार्यालय कोण सांभाळणार? हाताखालचा दत्ताराम नवा; वरमाय कोणती आणि करवली कोणती, हेही त्याला ओळखता येत नाही, असे बापटांचे म्हणणे. तेव्हा कन्यादान आटोपले की आपण मुलुंडहून निघू, असे त्यांनी एका रात्री घरात जाहीर केले.

“मुहूर्तापुरता आहे ना मी,” ते म्हणाले.

“बाबा, मुहूर्तापुरते पाहुणे येतात,” ऋता म्हणाली. “तू पाहुणा आहेस का माझा?”

त्यानंतर तिने वडिलांना काही विचारणे सोडले. पत्रिका आली, साड्या आल्या. तिने त्या आईला दाखवल्या, आम्हाला दाखवल्या, त्यांना नाही. जिन्यात गाठून मी बापटांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि शेवटी, तुमच्या नातवाच्या मुंजीला तारीख हवी असेल तर आताच सांगून ठेवा, असे म्हणाले. अशा माणसाशी बोलायचे तरी काय?

लग्नाच्या दिवशी ते आले, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. मुंडावळ्या बांधलेल्या मुलीकडे पाहायचे सोडून खुर्च्या मोजत होते, बेसिनचे नळ उघडून पाहत होते. कन्यादानाच्या पाटावर बसले असताना खिशातला फोन थरथरू लागला. त्यावर दत्तारामचे नाव होते. गुरुजी थांबले. ऋताने मान वर केली नाही. बापटांनी फोनकडे पाहिले आणि तो रत्नप्रभाबाईंच्या हाती दिला. बाईंनी तो पर्समध्ये टाकून पर्स पाटामागे सारली.

पंगत बसली. बापट पानावर बसले. वाढपी मठ्ठा वाढून गेला, त्यांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि उठून दाराकडे चालू लागले. समोर निहारशेजारी बसलेल्या ऋताचा घास हातातच राहिला.

“गेला,” ती म्हणाली.

मी अर्धे पान टाकून त्यांच्यामागे धावलो. या वयात हे मला शोभत नाही. फाटकाशी ते नव्हते. ते त्या कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या टेबलासमोर उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता.

“मठ्ठा कोमट आहे. अळू पंगतीत दुसऱ्यांदा फिरलंच नाही. हे काय चाललंय?”

“बघतो, साहेब,” तो व्यवस्थापक मान वर न करता म्हणाला. “जरा समजून घ्या. आज दोन पार्ट्या आहेत.”

“दोन असोत नाहीतर दहा. माझ्या मुलीचं लग्न काही रोज होत नाही.”

तो व्यवस्थापक थकून हसला. ते हसू बापटांना ओळखू आले की नाही, कोण जाणे. ते आणखी बराच वेळ भांडले.

मी परत येऊन ऋताला सांगितले की बाबा मठ्ठ्यावरून वाद घालत आहेत, इतक्यात काही हलत नाहीत. तिने हातातला घास तोंडात घातला.

“घालू देत,” ती म्हणाली. “त्याच्या पानावर जिलबी वाढून ठेवा.”

मठ्ठा शेवटपर्यंत कोमटच होता. बापट परतले, मांडी घालून बसले आणि हात धुवेपर्यंत त्याबद्दल माझ्याजवळ तक्रार करीत राहिले.