ज्याला वाचायला वेळ लागतो

कुमुदताई कुठलंही नाव मनातल्या मनात वाचत नसत. स्टॉपवॉच हातात धरून त्या ते मोठ्यानं म्हणत आणि किती सेकंद लागले ते यजमानांना सांगत. यजमान म्हणजे दिनकरराव काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगानं तेच नाव लिहीत. मराठी चित्रपटांच्या सुरुवातीची श्रेयनामावली हे दोघं कित्येक वर्षं शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत बसून करत होते. अक्षर दिनकररावांचं, वेळ कुमुदताईंची.

मी कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांनी मला त्यांच्याकडे अक्षर शिकायला पाठवलं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठंही गेले की आधी दारातच थांबायची.

"आत या. दाराला टेकू लागत नाही," कुमुदताई म्हणाल्या.

त्यांनी एक कार्ड पुढे केलं. मी झटकन वाचलं. वाटलं, आता शाबासकी मिळेल.

"तुमचा उपयोग नाही," त्या म्हणाल्या.

दिनकररावांनी हसून समजावलं. सावकाश वाचणाऱ्याचं वाचून होईपर्यंत नाव पडद्यावरून हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. इतकी वर्षं खालचा इस्त्रीवाला वाचून दाखवायचा, पण तो गावी गेला होता. "तुमच्या ओळखीत आहे कुणी?"

मी नाही म्हणाले.

खरं तर माझी आई होती. ती मंडईत भाजी विकायची आणि चाळिशीत प्रौढांच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली होती. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचायची. या दोघांसमोर मला ते नको वाटलं.

पुढच्या आठवड्यात मोठं काम आलं. कुमुदताई स्वतःच हळू वाचून बघत होत्या. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग घड्याळ खाली ठेवलं. "येत नाही हो. अडखळायचं कसं, तेच विसरले मी."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "माझी आई वाचेल."

आई येरवड्याहून नवी साडी नेसून आली. "माझं वाचणं लई हळू हाय, ताई."

"म्हणूनच बोलावलंय. घाई केलीत तर चहा मिळणार नाही."

आईनं 'प्रकाशयोजना' हा शब्द दोनदा मोडून जोडला. मी खाली बघत होते. "अहो, सात," कुमुदताई म्हणाल्या आणि दिनकररावांनी सात लिहिले. असं सगळ्या नावांचं झालं. बसमध्ये आई म्हणाली, "त्यांनी मला एकदाबी 'चला पुढं' म्हटलं न्हाई."

नामावली तयार झाली तेव्हा निर्माते आले. कॉम्प्युटरवर टायटलं करणारी ऑफिसं तेव्हा नुकतीच निघाली होती. ते म्हणाले, "सगळं एका मिनिटात बसवा, नाही तर तिकडे देतो. ही नावं वाचतं कोण?"

"त्यांच्या घरचे," कुमुदताई म्हणाल्या. "तेवढ्यासाठीच येतात ते."

दिनकरराव ब्रश पुसत हळूच म्हणाले, "कुमुद, पुढची कामंही जातील गं."

कुमुदताईंनी तयार कार्डांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगा. अक्षर तुमचं आहे."

दिनकररावांनी निर्मात्यांकडे बघितलं. "वेळ ही ठरवते," ते म्हणाले, आणि त्यांनी ब्रश डब्यात ठेवला. काम गेलं. त्यानंतर दुसरंही आलं नाही.

चित्रपट लागला तेव्हा कुमुदताईंनी चार तिकिटं काढली आणि आईला आपल्याशेजारी बसवलं. नावं पट्टीसारखी सरसर वर जाऊ लागली. आईनं मांडीवर बोट धरलं होतं. "छा... या..." एवढं होईस्तोवर ते नाव गेलंसुद्धा. तिनं बोट उचललं.

तेव्हा कुमुदताई तिच्याकडे झुकून एकेक नाव म्हणू लागल्या. सावकाश, पडद्याकडे न बघता. सगळी त्यांना पाठ होती.

"ओ मावशी, गप्प बसा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"तुमचा पिक्चर तीन तास आहे. या नावांचं एवढंच," मान न वळवता त्या म्हणाल्या.

चित्रपट सुरू झाला तरी चौदा नावं उरली होती. त्यांनी ती संपवली. आईचं बोट पुन्हा मांडीवर आलं होतं.