चौथी ओळ

वैशंपायन सर पळता पळता मध्येच थांबत. दम लागला म्हणून थांबले असते तर काही वाटलं नसतं. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला तेवढा हक्क असतो. पण ते थांबत लिहायला. इस्त्री केलेल्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक छोटी डायरी आणि बोटभर पेन्सिल असे. खडकवासल्याच्या चढावर आम्ही सगळे धापा टाकत असायचो आणि सर रस्त्याच्या कडेला उभे राहून घामेजल्या बोटांनी दोन शब्द टिपून घ्यायचे. "चला, हे यादीत गेलं," म्हणायचे आणि पुन्हा पळू लागायचे.

त्यांची माझी पहिली भेटही रस्त्यावरचीच. यवतमाळ जिल्ह्यातून पुण्यात येऊन मला वर्ष झालं होतं. धायरीत एक खोली, आयटी कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. ओळखीचं म्हणावं असं माणूस नाही. सकाळी कानात गाणी घालून एकटीच पळायची. एकदा मागून कुणीतरी माझ्या बरोबरीला आलं आणि हातानेच खूण करून कानातलं काढायला लावलं.

"अहो, आपण पळताय की आपल्या मागे कुणी लागलंय?"

मी रागाने बघितलं. ते शांतपणे पुढे म्हणाले, "पाऊल फार वाजतंय. पाऊल वाजलं की समजावं, रस्त्याशी भांडण चाललंय." आणि निघून गेले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या गटात होते. सर राहायचे सदाशिव पेठेत, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पण रविवारी पहाटे स्कूटरवरून धायरी फाट्यापर्यंत यायचे. तिथून आम्ही आठ-नऊ जण धरणापर्यंत पळत जायचो आणि चहाच्या टपरीवर बसून यादी व्हायची.

यादी म्हणजे आठवड्याच्या चार आवडी. धाव, करमणूक, वाचन, खाणं. प्रत्येकाने चारही सांगायच्या, आणि प्रत्येक सदरात एकच. "दोन आवडले म्हणजे एकही नीट आवडलं नाही," हे सरांचं ठरलेलं वाक्य. दुसरा नियम याहून कडक. गोष्ट स्वतः केलेली हवी आणि त्याच आठवड्यातली हवी. ऐकीव नको, शिळी नको. एका बँकवाल्याने सलग तीन आठवडे एकाच पुस्तकाचं नाव घेतलं तेव्हा सर म्हणाले, "आपण वाचताय की उशाला घेताय?" कुणी घरपोच मागवलेल्या पिझ्झाचं नाव घेतलं तर, "ती खाण्याची आवड नव्हे, दार उघडण्याची." त्यांच्या तोंडून सर्वांत मोठी स्तुती म्हणजे "बरं आहे." ते ऐकायला आम्ही आठवडाभर धडपडायचो.

माझ्या पहिल्या यादीत फक्त धाव होती. बाकीच्या तीन जागा रिकाम्या. मला वाटलं, आता उद्धार होणार. सरांनी ती तशीच डायरीत टिपून घेतली. पुढच्या रविवारी खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. आत चिठ्ठी होती : "पन्नास पानांपर्यंत कंटाळा येईल. तो आपला दोष नाही. एक्कावन्नाव्या पानापासून मात्र आपला." त्यांच्याच यादीमुळे मी एका शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बसून तीन तास गाणं ऐकलं, दुपारच्या प्रयोगाला एकटीने नाटक बघितलं, पेठेतल्या एका बोळात उभ्याने खरवस खाल्ला. परक्या गावात आपलं म्हणावं असं काही असतं, ते मला या माणसाने दिलं. हे आज लिहितानाही जिवावर येतं, पण खरं आहे.

त्याची परतफेड म्हणून मी त्यांना कुसुमकाकूंकडे नेलं. तीच माझी चूक.

कुसुमकाकू आमच्या दारव्ह्याच्या. धायरीत पाण्याच्या टाकीमागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि तिकडून आलेल्या बारा जणांना जेवू घालायच्या. कारखान्यात पाळीला जाणारे पाच, तीन विद्यार्थी, माझ्यासारखे चार. पाटी नाही, नंबर नाही. एक जण पुणं सोडून गेला की त्याच्या ओळखीचा दुसरा येई. रविवारी पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मी सरांना एकदा पळता पळता सांगितलं होतं, "पहिला घास घेतला आणि आईच्या चुलीपुढे बसल्यासारखं वाटलं, सर." ते त्या दिवशी थांबले नव्हते, डायरीही काढली नव्हती. मला ते आवडलं होतं.

जेवताना सरांच्या टकलावर घाम आला, नाकातून पाणी आलं, तरी ते मान वर न करता जेवत राहिले. काकूंनी विचारलं, "तिखट झालं काय जी?" सर म्हणाले, "झालंय. अजून वाढा." हात धुतल्यावर त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मी तो धरलाच.

"सर, हे यादीत नको. काकूंना बारांच्या वर झेपत नाही. आणि आमच्यासाठी हे हॉटेल नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल परत ठेवली. "दिलं वचन. वानखडे, मी बत्तीस वर्षं पेपर काढले. एकदाही फुटू दिला नाही."

त्यानंतर यादीला पाय फुटले. गटातल्या एकाने ती दर आठवड्याला इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, ती पुढे पुढे जात राहिली, आणि एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत सरांचं सदर सुरू झालं. चार ओळी, वर त्यांचा फोटो. आम्हाला कोण अभिमान! पण टपरीवरच्या गप्पा बदलल्या. सर आमच्या आवडी ऐकायचे कमी आणि डायरीत टिपायचे जास्त. शुक्रवारी मजकूर द्यावा लागे, त्यामुळे बुधवार उजाडला की ते फोन करून विचारायचे, "काही खाल्लंत का हो नवीन?" मी हसायचे. पुण्यात एवढ्या मोठ्या माणसाला माझी जीभ लागते, याचं कौतुकच वाटायचं मला. मूर्ख कुठली.

मग सरांचा घोटा मुरगळला. दोन आठवडे घराबाहेर पडणं बंद. पहिल्या आठवड्यात भेटायला गेले तेव्हा खुर्चीत पाय वर करून बसले होते. "धाव म्हणून काय लिहू? स्वयंपाकघर ते बाल्कनी?" म्हणाले. मी म्हटलं, "रिकामी सोडा ओळ. मीही सोडली होती."

त्या रविवारी पुरवणी उघडली. धावेच्या जागी घोट्यावर काहीतरी गमतीदार लिहिलं होतं. आणि चौथ्या ओळीत : "खाणं : धायरीत, पाण्याच्या टाकीमागे, कुसुमकाकूंची पाटवडी. पहिला घास घेतला आणि आईच्या चुलीपुढे बसल्यासारखं वाटलं."

मी ते दोनदा वाचलं. सरांच्या आईचा स्वयंपाक मला ऐकून माहीत होता. आमटीत गूळ, भाजीत गूळ, आणि तिखटाचा डबा म्हणे पाहुण्यांसाठी. ती चूल माझ्या आईची होती. ते वाक्यही माझं होतं. आणि त्या आठवड्यात तर हा माणूस जिना उतरला नव्हता. त्यांनी पाटवडी खाल्ली त्याला तीन महिने झाले होते. आम्हा सगळ्यांना ज्या नियमांनी त्यांनी घाम फोडला, ते सगळे त्यांनी एका ओळीत मोडले होते, आणि त्यावर मला दिलेलं वचन.

दुपारी मी काकूंकडे पोचले तेव्हा गल्लीत मोटारी लागल्या होत्या. नटूनथटून आलेली कुटुंबं दाराबाहेर उभी होती, पुरवणीचं पान हातात. काकू आधी भांबावल्या आणि मग खूश झाल्या. "कोनी येते त नाई कसं म्हनू?" म्हणत पीठ संपेपर्यंत भाकरी थापत राहिल्या. कारखान्यातला प्रफुल्ल रात्रपाळी करून आला होता. त्याला एक बाई म्हणाल्या, "रांगेत या हं." तो माझ्याकडे बघून हसला आणि वडापाव खायला निघून गेला.

असं पाच रविवार चाललं. मग शेजाऱ्यांनी गाड्यांवरून तक्रार केली आणि घरमालकाने सांगितलं, राहायला जागा दिली होती, खाणावळीला नाही. काकू महिनाअखेरीस सामान बांधून लेकीकडे दारव्ह्याला गेल्या. आम्ही बारा जण बारा दिशांना पांगलो. त्यातल्या दोघांना मी नंतर कधी पाहिलंही नाही.

पुढे घोटा पळण्याइतका बरा होऊन सर पहिल्यांदा आले, त्या दिवशी मी टपरीवर सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पेपर का फोडलात?"

"अहो, वाईट का लिहिलंय? चांगलंच लिहिलं ना? चांगली गोष्ट लोकांना कळू नये?"

"वचन दिलं होतंत."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "वानखडे, चौथी ओळ रिकामी राहत होती हो."

त्यांनी माफी मागितली असती तर मी बहुधा विरघळले असते. पण एका रिकाम्या ओळीसाठी! मी चहा तसाच ठेवून उठले आणि धरणापासून घरापर्यंत एकटी पळत आले. त्यानंतर त्या गटात गेले नाही. रस्त्यात कधी सर समोरून आले की हात वर करायचे. सवयीने माझाही हात वर जायचा, आणि मग दिवसभर मला त्या हाताचा राग यायचा.

आठ महिन्यांनी दारव्ह्याहून काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "काहून वं पोरी, थे सर बरे हायेत ना?"

"असतील बरे," मी म्हटलं.

"लय भला मानूस. माह्यावर इतकं चांगलं आजपावतर कोनी लिवलं नाई. थो कागद म्या देवापाशी ठेवला हाये. एक बरनी धाडतो ठेच्याची, त्याईले नेऊन दे."

काय सांगायचं होतं मी त्यांना? की त्या कागदानेच तुमचं घर उठवलं? देवाजवळचा कागद मी कसा काढून घेणार होते? गावाहून येणाऱ्या एकाबरोबर बरणी आली. त्यावर कागद चिकटवून काकूंनी वेड्यावाकड्या अक्षरांत स्वतःचं नाव आणि गाव लिहिलं होतं. दोन दिवस ती माझ्या ओट्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी सदाशिव पेठेत गेले, सरांच्या दाराशी ठेवली आणि घंटी न वाजवता खाली उतरले.

त्या रविवारी मी मुद्दाम पुरवणी घेतली. धाव, करमणूक, वाचन. आणि चौथी ओळ : "खाणं : हिरव्या मिरचीचा ठेचा. कुणाचा आणि कुठला ते सांगणार नाही. तसं वचन दिलं आहे."

त्या ठेच्यासाठी त्यांच्याकडून कुणीही वचन घेतलं नव्हतं. काकूंनी तर आपलं नाव छापून यावं म्हणूनच ते बरणीवर लिहून पाठवलं असणार. काकू दारव्ह्यात पुरवणीची वाट बघत बसल्या असतील. हे वचन मला दिलेलं होतं, जुनं. राखण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा सरांनी ते पाळलं, आणि तेही छापून.

मी पुरवणी घडी करून ठेवली, बूट घातले आणि खडकवासल्याच्या रस्त्याला लागले. कानात काही घातलं नव्हतं. पाऊल फार वाजत होतं.