निळा कोट खुंटीला

आर्डिस फेटर सदुसष्ट वर्षांची होती आणि नॉर्थ डकोटाच्या विधानसभेत पेज होती. म्हणजे आमदारांच्या टेबलांवर कागद पोचवायचे, कॉफी ओतायची आणि बाहेर दालनात ताटकळणाऱ्या लोकांच्या चिठ्ठ्या आत न्यायच्या. अधिवेशन एक वर्षाआड, ऐन हिवाळ्यात. अशी सहा अधिवेशनं तिने पायी तुडवली होती. नियम मोठा कडक: अंगात निळा कोट असेपर्यंत कुठल्याही विधेयकावर पेजने चकार शब्द काढायचा नाही. आर्डिसला ते सहज जमायचं. चाळीस वर्षं सासऱ्यासमोर गप्प बसून तिची तालीम झालीच होती.

ती बोलायची संध्याकाळी, राजधानीतल्या भाड्याच्या खोलीतून, फोनवर. नवरा एल्डन घरी, हेलमर्स गावच्या शुश्रूषागृहात होता. पाय गेले होते, डोकं शाबूत होतं. तो रोज विचारायचा, "आज कोण बोललं?" मग ही आमदारांच्या नकला करायची आणि तो खोकला येईपर्यंत हसायचा.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिच्या हातात नव्या विधेयकाच्या प्रती आल्या. तीस खाटांच्या आतल्या शुश्रूषागृहांची सरकारी मदत बंद. हेलमर्सला बावीस खाटा. ते बंद पडलं की एल्डनची रवानगी थेट फार्गोला, तीनशे किलोमीटरवर. आणि बर्फात आर्डिस गाडी चालवत नसे. नवऱ्याच्या उचलबांगडीचा तो कागद तिने स्वतःच्या हाताने प्रत्येक टेबलावर ठेवला. मतदान दुपारी तीनला होतं.

"तोंड का असं आंबट?" तिच्याबरोबरचा म्हातारा पेज लोवेल म्हणाला.

"एल्डनला हलवतील रे."

"मग आमदार ह्युग्लंडला सांग की. तो अजून कुंपणावर बसलाय."

"अंगात कोट आहे ना!"

"हो, आणि काढलास तर या अधिवेशनात परत मिळायचा नाही."

ती ह्युग्लंड आमदाराच्या कपात कॉफी ओतायला गेली. तो हसून म्हणाला, "बाई, हे राज्य तुमच्या कॉफीवर चालतं बघा." शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले, किटली जागेवर ठेवली, कोट खुंटीला अडकवला आणि ती दाराबाहेर गेली. दालनात उभ्याउभ्याच तिने चिठ्ठी लिहिली: दोन मिनिटं बाहेर याल का? आर्डिस फेटर, हेलमर्स.

"खुळी आहेस," लोवेल म्हणाला, पण चिठ्ठी घेऊन लगबगीने आत गेला.

ह्युग्लंड आला आणि गर्दीवरून नजर फिरवत म्हणाला, "आर्डिस फेटर कोण?" बारा वर्षं कॉफी पाजून याला आपलं नाव ठाऊक नाही, हे तिला फार लागलं.

"मीच ती."

"अहो बाई, तुम्ही? कोट कुठाय?"

"खुंटीला. तो घालून बोलता येत नाही."

मनात जुळवलेलं भाषण ती पार विसरली. "तिथे माझा नवरा आहे, साहेब. घरी असले की माझ्या स्वयंपाकघरातून त्याची खिडकी दिसते. त्याचा दिवा मालवला की मी माझा मालवते. फार्गोची खिडकी मला कशी दिसणार?"

मतदानाची घंटा झाली तसा तो आत गेला.

आर्डिस जन्मात पहिल्यांदा वर प्रेक्षकांच्या बाकावर बसली. मतांच्या फलकावर दिवे लागत गेले. ह्युग्लंडचा बराच वेळ लागेना. मग लागला, लाल, म्हणजे विरोधात. विधेयक दोन मतांनी पडलं. दुसरं मत कुणाचं, देव जाणे. ती तिथेच ढसाढसा रडली आणि तिला त्याची लाज वाटली नाही. खाली लोवेल तिची किटली घेऊन टेबलांमधून फिरत होता, निम्मी कॉफी बशीत सांडत.

संध्याकाळी फोन वाजला.

"हं, सांग," एल्डन म्हणाला. "आज कोण बोललं?"

"मी," आर्डिस म्हणाली.