तिसरा वाडगा

सुनंदा बुधवारी गेली. संध्याकाळ होती. गॅसवर भात होता. ओट्यावर तीन वाडगे मांडलेले होते. डॉक्टर आले आणि गेले. मी गॅस बंद केला. आमचा मुलगा निखिल तेव्हा जहाजावर होता.

घरात माणसं दोन आणि वाडगे तीन, याचं कारण सुनंदाला न ओळखणाऱ्यांना सांगावं लागेल. तिसरा वाडगा निखिलचा. तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. वर्षातले बरेच महिने पाण्यावर असतो. तो घरी नसला तरी बुधवारी त्याचा वाटा काढायचा आणि घराबाहेरच्या कोणीतरी तो खायचा, असा सुनंदाचा नियम होता. झाकून ठेवून दुसऱ्या दिवशी आपणच संपवायचा, हे चालत नसे. कुत्र्याला घालणं तर दूरच. "वाटो माणसाचो आसा, माणसानंच खावक व्हयो. नायतर तो थंय उपाशी रवता," ती म्हणायची. तिचं माहेर शिरोड्याचं. होडीवर गेलेल्या माणसाचं ताट शेजारी द्यायची रीत तिथल्या काही घरांत होती, असं ती एकदा बोलली होती. तिथून तिने हे घेतलं असावं. मी कधी खोदून विचारलं नाही.

पदार्थ मात्र निखिलचाच. पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याने तो आईला शिकवला. जहाजावर निरनिराळ्या देशांची माणसं. सगळ्यांना झटपट आणि पोटभर द्यायचं तर खोलगट वाडग्यात गरम भात, त्यावर मोठ्या आचेवर परतलेला खिमा, त्यावर लाल तिखट सॉस आणि वर अर्धकच्चं अंडं. तो त्याला राइस बाऊल म्हणायचा.

"पण ताटात कित्याक वाढूचा नाय?" सुनंदाने विचारलं.

"आई, जहाज हलता तेव्हा ताट सरकता. वाडगो हातात रवता."

निखिल हसत बोलला होता. सुनंदा हसली नाही. जहाज किती हलतं, हे तिला त्या वाक्यातून पहिल्यांदा कळलं. पुढे वारा सुटला की ती स्वतःशीच म्हणायची, "वाडगो हातात रवाक व्हयो रे बाबा."

दुकानातला सॉस तिने एकदाच वापरला आणि नाक मुरडलं. मग स्वतःचा केला. भिजवलेल्या बेडगी मिरच्या, लसूण, भाजलेले तीळ, थोडा गूळ आणि आंबटपणाला कोकमाचं आगळ. तो काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये असायचा. बुधवार हा कुडाळच्या बाजाराचा दिवस. मी तिथल्या एका वाचनालयात काम करतो, म्हणून खिमा आणणं माझ्याकडे. ती शेजारच्या गावच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळच्या एसटीने आमच्या गावी, वालावलला उतरली की हातपाय धुवून थेट गॅसपाशी. भात एकीकडे, खिमा दुसरीकडे. काकडीच्या चकत्या आणि कांद्याची पात चिरणं माझं. देवाजवळ दिवा लावायच्या आत मटणाचे हात धुऊन झाले पाहिजेत, ही तिची मुदत. ती कधी चुकली नाही.

गावात तिला भित्री म्हणत. मला तो शब्द अपुरा वाटतो. भित्रं माणूस भीतीपासून पळतं. सुनंदा तिला रोज घरात घ्यायची, जसं दूध घ्यावं तसं. हवामानाच्या बातम्या ती आवाज बंद करून नुसत्या बघायची. अनोळखी नंबरवरून फोन आला की आधी पदराला हात पुसायची आणि मग उचलायची. मी वाचत बसलेला असायचो. एकदा मी पुस्तक मिटून तिच्याजवळ जाऊन बसलो, तर म्हणाली, "भिवचा काम माजा. तुमी वाचा. दोघाय भियालव तर चूल कोण पेटवतलो?" मी परत पुस्तक उघडलं. वर्षानुवर्षं आमच्या घरात अशी वाटणी होती.

मला माझा आधार होता. मोबाइलवर जगभरची जहाजं दिसतात. निखिलचं जहाज म्हणजे निळ्या पाण्यावरचा एक हिरवा ठिपका. सकाळी चहाबरोबर मी तो बघायचो आणि तिला सांगायचो, आज इथे आहे, आज तिथे आहे. ती ऐकून घ्यायची. "तुमच्या ठिपक्याक भूक लागता काय?" असं विचारून कामाला लागायची.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ठिपका दिसला नाही.

आधी मला वाटलं, नेट गेलं असेल. मग कंपनीला फोन केला. जहाज धोक्याच्या पट्ट्यातून जातंय, आपली जागा कोणाला कळू नये म्हणून यंत्रणा बंद ठेवली आहे, काही दिवस संपर्क होणार नाही, काळजी करू नका, असं एका मुलीने मराठीत नीट सांगितलं. त्या पट्ट्यात जहाजांवर आकाशातून काय काय पडतं, हे आम्ही बातम्यांत पाहिलं होतं. सुनंदाने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काळजी करू नका म्हणता म्हणजे करण्यासारख्या कायतरी आसा."

दोन दिवसांनी बुधवार आला. मी खिमा आणला, तिने परतला. तिसरा वाडगा भरून तिने त्यावर झाकण घातलं आणि झाकणावर न्हाणीच्या चुलीतला कोळशाचा तुकडा ठेवला. तिन्हीसांजेनंतर मटण घराबाहेर काढायचं तर वर कोळसा हवा, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या वासाने वाटेवरचं काही मागे लागू नये म्हणून. नेहमी ती एकटी शेजारी जाऊन यायची. त्या दिवशी म्हणाली, "तुमी येवा वांगडा." बरोबर या, असं तिने मला आजवर कधी म्हटलं नव्हतं.

शेजारच्या शेवंतीकाकी पायरीवर बसल्या होत्या. झाकणावरचा कोळसा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"गो सुनंदा, आज संकष्टी मगे."

सुनंदा जागच्या जागी थांबली. आम्ही दोघं उपास धरत नाही, पण संकष्टीला आमच्या घरात मटण कधी शिजलं नव्हतं. कॅलेंडर डोळ्यांसमोर असतं. त्या आठवड्यात आम्ही दोघं फक्त फोन बघत होतो.

काकींचा मुलगा बाबी आतून बाहेर आला. खिम्याच्या वासावर तो एरवी मधल्या दगडी गडग्यावरून उडी मारून यायचा. त्याने लांबूनच वाडग्याकडे पाहिलं. "वयनी, माजी तयारी आसा. तू फक्त गणपतीक विचारून ये."

"गप रे," काकी म्हणाल्या. मग सुनंदाकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "फोन इलो काय गो झिलाचो?"

सुनंदाने नाही म्हणून मान हलवली. वाडीतली पुढची घरंही तशीच. कोणी चंद्राची वाट बघत होतं, कोणी मोदक वळत होतं. सगळे हळहळले, पण वाडगा कोणी घेतला नाही.

"घरी जाऊया," मी म्हटलं. "देवाक समजता."

"देवाक समजता. पण झिलाच्या पोटाचा काय?"

तेव्हा तिला वस्तीची एसटी आठवली. रात्री आमच्या गावात मुक्कामाला थांबते ती गाडी. तिथवर सरळ रस्ता देवळावरून जातो, पण लक्ष्मीनारायणाच्या समोरून मटण न्यायचं नाही. म्हणून आम्ही तळ्याच्या मागच्या अंगाने, शेताच्या मेरेवरून, बांधावरून निघालो. अंधार पडला होता. मी मोबाइलची बॅटरी लावली तर तिने विझवायला लावली. "चार्जिंग संपात. तितक्यात तेचो फोन इलो तर?" मेर अरुंद होती. एका बाजूला पाणी होतं, बेटातले बांबू एकमेकांवर घासत होते. ती पुढे, दोन्ही हातांत वाडगा धरून. मी मागे, बॅटरी विझवलेला फोन मुठीत धरून. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिचा पाय निसटला तेव्हाही तिने तोल सावरायला हात सोडला नाही. मी तिला दंडाला धरलं. दंड ताठ, घट्ट आवळलेला होता. इतकी वर्षं तिने काय काय एकटीने धरून ठेवलं होतं, ते तेव्हा माझ्या हाताला कळलं.

गाडी उभी होती. कंडक्टर संकष्टीवाला निघाला. ड्रायव्हर घाटावरचा, फोंडाघाट चढून गेल्यावर त्याचं गाव. तो पायरीवर बसून बिस्किटं खात होता. सुनंदाने त्याला सांगितलं की मुलगा जहाजावर आहे, त्याचा वाटा आहे, कोणीतरी खायला हवा. शाळेत बोलावं तशा शुद्ध मराठीत सांगितलं.

"आना की काकू. आमी उपास धरत न्हाई," तो म्हणाला. झाकण उघडताना त्याचं लक्ष गेलं. "ह्यो कोळसा कशाला म्हनायचा?"

"वाटेवर कोणाची नजर पडू नये म्हणून."

त्याने मान मागे वळवून गाडीच्या काचेला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवलं. "मग आपलं एकच की."

तो जेवेपर्यंत ती समोर उभी राहिली. "आमच्या तांबड्या रश्शाची सर ह्याला हाय म्हननार न्हाई, पर जवळ हाय," असं काहीतरी तो बोलला, ते तिने ऐकलं नसावं. "पोट भरलं?" तिने विचारलं. तो म्हणाला, तुडुंब. तिने पुन्हा विचारलं, "नक्की भरलं ना?" त्याने हातातला घास खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट बघून सांगितलं, "भरलं, काकू."

शनिवारी ठिपका परत दिसला आणि मागोमाग निखिलचा फोन आला. तो सुखरूप होता. ते सगळे त्या दिवसांत आतल्या एका खोलीत बसून होते, चूल बंद होती, नुसता थंड पाव खाऊन राहिले होते. मी सुनंदाकडे पाहिलं. तिचा नियम त्याच्या पोटापर्यंत पोचला नव्हता. तिने क्षणभर फोन कानापासून दूर धरला, मग परत जवळ घेतला. "उपाशी रवलस तरी चलात रे. आसस मां, ता बस," ती म्हणाली. पुढच्या बुधवारी तिने पुन्हा तीन वाडगे मांडले. वस्तीच्या गाडीकडे मग आम्ही दोघंच जायचो. ड्रायव्हर वाट बघू लागला होता.

त्यानंतर एका बुधवारी, भाताला उकळी आली असताना, सुनंदा ओट्याला टेकली आणि खाली बसली. डॉक्टर म्हणाले, हृदय. आपल्या छातीत काही दुखतंय असं ती कधी बोलली नव्हती. तिची सगळी भीती दुसऱ्यांसाठी होती. स्वतःच्या वाट्याला तिने ती ठेवली नाही.

निखिलला कळवायचं होतं आणि जहाज भर समुद्रात होतं. पुढचं बंदर लांब. मी आधी कंपनीतर्फे कॅप्टनला निरोप दिला, की त्याला सांगितल्यावर डेकवर एकटा सोडू नका. मग फोन जोडला गेला. समुद्रावरून आवाज उशिरा पोचतो. मी सांगितलं आणि पलीकडून काहीच येईना. आवाज वाटेत आहे की मुलगा गप्प आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

मग तो म्हणाला, "बाबा, काल बुधवार होतो. वाडगो कोणी खाल्लो?"

"कोणी नाय रे."

"बरा," तो म्हणाला. "मी जेवतंय हय. तुमी भिऊ नकात."

तो जेवला नाही, हे कॅप्टनकडून नंतर कळलं. सगळ्या जहाजाला रांधून घालायचा आणि स्वतः ताट न घेता कठड्याशी जाऊन उभा राहायचा. इथे आमच्या घरात सुतक होतं. शेवंतीकाकी दोन वेळचं जेवण आणून द्यायच्या; फोडणी पडत नव्हती, मटणाचा प्रश्न नव्हता, आणि सुतकातल्या घरचं अन्न कोणी घेत नाही. मधला बुधवार तसाच गेला. ठिपका हिरवा होता, चालत होता. मी तो दिवसभर बघायचो. कठडा केवढा उंच असतो, हे मी पुस्तकांत शोधलं. आमच्या वाचनालयात ते कुठे सापडलं नाही.

तेराव्यानंतरच्या पहिल्या बुधवारी मी खिमा आणला. भात थोडा लागला. सॉस तिच्या बरणीतला घेतला. न्हाणीतून कोळसा आणला, झाकणावर ठेवला आणि मेरेवरून निघालो. बॅटरी लावली नाही.

"काकू न्हाई आल्या?" ड्रायव्हरने विचारलं.

मी सांगितलं. तो उठून उभा राहिला. वाडगा हातात घेऊन त्याने कोळसा बाजूला ठेवला आणि झाकण उघडलं.

"मग ह्यो कुनी केला?"

"मी. वरचा सॉस तिचा आहे."

तो पायरीवर बसला आणि जेवला. मी समोर उभा राहिलो. पोट भरलं का, असं मी त्याला विचारलं. मग पुन्हा विचारलं.

निखिल हल्ली जेवतो, असं कॅप्टन सांगतो. त्याची सुट्टी अजून लांब आहे. बरणीत तळाला थोडा सॉस आहे. मी बुधवारी दोन वाडगे मांडतो, एक माझा आणि एक त्याचा. वारा सुटला की पुस्तक मिटून ठेवतो. भिण्याचं काम आता माझ्याकडे आहे.