कवटीतला जास्तीचा तुकडा

तुमची आई मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती तेव्हा आमच्या इंदिरानगरच्या घरात एक माणसाची कवटी मुक्कामाला होती. गोष्ट नव्वदच्या दशकातली. हाडांचा संच वरच्या वर्गाकडून घ्यायचा आणि आपलं वर्ष झालं की खालच्या वर्गाला द्यायचा, अशी पद्धत. आमचा संच पिंपळगाव बसवंतच्या एका मुलाकडून आला, पत्र्याच्या ट्रंकेत. कवटी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेली. दहा हातांतून फिरलेली वस्तू मी तपासल्याशिवाय घरात वापरत नाही.

कॉलेजच्या चाचणीत तुमची आई कवटीवरच नापास झाली होती. तोंडी परीक्षेतही तसंच झालं तर सहा महिने वाया जाणार होते. ती मराठी शाळेत शिकलेली, मी इंग्रजी. म्हणून जाड पुस्तक मी वाचायचं आणि तिने हाडावर बोट ठेवायचं, असं ठरलं. कवटीची हाडं जिथे एकमेकांना जुळतात, त्या सांध्यांवर मी भरतकामाचे दोरे मांडले. केसांच्या पट्ट्यासारखा आडवा जातो तो कोरोनल, लाल. भांगासारखा मधोमध जातो तो सॅजिटल, हिरवा. मागे छपराच्या दोन उतारांसारखा उतरतो तो लॅम्डॉइड, निळा.

निळ्या दोऱ्याशी मी अडले. तिथे सुपारीएवढा एक तुकडा होता, चारही बाजूंनी स्वतंत्र शिवण असलेला. पुस्तकातल्या चित्रात तो नव्हता. मला लगेच कळलं की कवटी पडून फुटली असणार आणि कोणीतरी तुकडा चिकटवून ती आमच्या गळ्यात मारली. सुईने कडा कोरून पाहिली. डिंक निघाला नाही. म्हणजे काम सफाईदार होतं.

त्या पिंपळगावच्या मुलाला बोलावून घेतलं. तो द्राक्षांची पिशवी घेऊन आला, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

"काकू, माझ्याकडे आली तेव्हाही तो तुकडा होताच," तो म्हणाला.

"मग तुलाही फसवलं. सरांना विचारलं नाहीस?"

"त्यांनी मला त्यातलं काही विचारलं नाही, मी त्यांना विचारलं नाही."

तुमची आई हसली. मी हसले नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमना दाखव म्हटलं, तर एवढंही येत नाही का म्हणतील, या भीतीने ती तयार होईना. शेवटी मीच त्या तुकड्यावर पेन्सिलने फुली मारली आणि बजावलं, हे शिकायचं नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी टेबलावरची कवटी उलटी केली आणि मागच्या सांध्यावर बोट ठेवलं. तिथे तसेच दोन तुकडे होते. हे काय, त्यांनी विचारलं. तुमची आई घाबरून खरं तेच बोलली, "सर, आमच्या कवटीतही एक आहे. आई म्हणते, चिकटवलेला आहे."

सर चष्मा काढून हसले, म्हणे. काही माणसांच्या सांध्यांत अशी जास्तीची छोटी हाडं असतात, हे त्यांनी समजावलं. मग बाकीचे सांधे विचारले. ते तिने दोऱ्यांच्या रंगांसकट सांगितले आणि ती पास झाली.

घरी आल्यावर तिने पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं. चित्राखाली बारीक अक्षरांत ते सगळं लिहिलेलं होतं. बारीक अक्षरं बिनमहत्त्वाची, म्हणून मी ती रोज गाळत आले होते. मी खोडरबर घेतलं. फुली पुसट झाली, पण गेली नाही.

वर्ष संपल्यावर संच खालच्या वर्गातल्या एका मुलीकडे गेला. आपल्यासारखा घोळ तिचा होऊ नये म्हणून मी अभ्र्यात चिठ्ठी ठेवली: "मागचा छोटा तुकडा खरा आहे. चित्राखालची बारीक अक्षरं वाचावीत."

आठवड्याने त्या मुलीच्या आईचा फोन आला. आवाज करडा होता.

"तुकडा खरा आहे असं मुद्दाम लिहून का द्यावं लागलं, बाई? आणि ही फुली कसली?"

मी त्यांना घरी बोलावलं. येताना पुस्तक आणा म्हटलं. त्या आल्या, आणि पिशवीतून सुईही घेऊन आल्या.